रविवार पाळणाऱ्या माणसाचा थकवा : एरिक लिडेल यांचे प्रकरण

शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, मुलांना सांगायच्या गोष्टींमध्ये एरिक लिडेल यांची गोष्ट ठरलेली असते. रविवारी धावणार नाही म्हणून ऑलिंपिकमधली आपली हुकमी शर्यत सोडणारा आणि पुढे दुसऱ्याच शर्यतीत सुवर्णपदक मिळवणारा हा स्कॉटिश धावपटू मुलांना लगेच आवडतो. मीही ही गोष्ट अनेक वर्षे सांगितली आणि दर वेळी पदकापाशी थांबलो, कारण तिथे थांबले की हिशेब जुळतो : देवाचा मान राखला, देवाने मान दिला. पण लिडेल त्यानंतर आणखी वीस वर्षे जगले, आणि त्या वर्षांच्या शेवटी एक छोटेसे पत्र आहे, जे शब्बाथशाळेत कोणी वाचून दाखवत नाही.

ते पत्र २१ फेब्रुवारी १९४५ चे आहे. उत्तर चीनमधल्या वेइशियेन येथील जपानी नजरकैदेच्या छावणीतून लिडेल यांनी ते कॅनडात राहणाऱ्या पत्नीला, फ्लॉरेन्सला, लिहिले. छावणीतून पाठवायच्या पत्राला शब्दांची मर्यादा असे, त्यामुळे त्यात पाल्हाळ नाही. आपण फार जबाबदाऱ्या वाहत होतो, मनाने थोडे खचलो, महिनाभर रुग्णालयात राहिल्यावर आता बरे वाटते आहे, आणि शिकवणे व खेळांचे काम सोडून बेकरीसारखे अंगमेहनतीचे काम घ्यावे असे डॉक्टर सुचवतात, हा बदल चांगला आहे, एवढाच त्याचा आशय. त्याच संध्याकाळी लिडेल वारले. त्यांचे वय ४३ होते.

ज्या माणसाचे नाव विश्रांतीच्या दिवसाशी कायमचे जोडले गेले, त्याच्या शेवटच्या पत्रात अतिश्रमाची कबुली कशी आली, एवढाच या अभ्यासाचा प्रश्न आहे. त्यासाठी पॅरिसची घटना आधी नीट पाहावी लागते, कारण तिथे काय पाळले गेले याविषयीच आपला थोडा गैरसमज आहे.

पॅरिसमधला रविवार

लिडेल यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधल्या त्येनत्सिन येथे झाला. आईवडील लंडन मिशनरी सोसायटीचे स्कॉटिश मिशनरी होते. शिक्षण इंग्लंडमध्ये आणि मग एडिंबरा विद्यापीठात झाले, रग्बीत ते स्कॉटलंडकडून खेळले, आणि धावण्यात १०० मीटर ही त्यांची खास शर्यत ठरली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचे वेळापत्रक हाती आले तेव्हा या शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, ६ जुलै रोजी असल्याचे दिसले. एका गाजलेल्या चित्रपटात त्यांना हे बोटीवर चढताना कळते असे दाखवले आहे, पण प्रत्यक्षात त्यांना ते काही महिने आधीच ठाऊक होते. त्यांनी १०० मीटरमधून नाव काढले आणि मिळालेल्या वेळात ४०० मीटरची तयारी केली. दोन्ही रिले शर्यतींची अंतिम फेरीही रविवारी, १३ जुलैला होती, म्हणून त्याही सोडल्या. १०० मीटरचे सुवर्णपदक ७ जुलैला त्यांचे ब्रिटिश सहकारी हॅरोल्ड अब्राहम्स यांनी जिंकले. लिडेल यांना ९ जुलैला २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळाले, आणि शुक्रवारी, ११ जुलैला, ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक.

अंतिम शर्यतीच्या दिवशी संघाच्या मालिशवाल्यांपैकी एकाने त्यांच्या हाती एक चिठ्ठी दिली होती. जे माझा आदर करतात त्यांचा आदर मी करीन, या बायबलमधल्या १ शमुवेल २:३० च्या वचनाची आठवण तिच्यात होती. ही चिठ्ठी सगळ्या गोष्टींत येते आणि ती खरी आहे, पण तिच्यामुळेच आपण पदकाला आज्ञापालनाची पावती समजू लागलो. लिडेल यांनी निर्णय घेतला तेव्हा असे काही मिळण्याची हमी नव्हती, आणि पुढच्या आयुष्यात अशी पावती त्यांना पुन्हा मिळालीही नाही.

आता त्या रविवारच्या आतल्या बाजूकडे पाहू. स्कॉटलंडमध्ये तेव्हा रविवार कडकपणे पाळला जाई, आणि लिडेल यांची काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळीने आपला कारभार स्वतः पाहायचा, अशी प्रोटेस्टंट) परंपराही त्याच वळणाची होती. तेव्हाच्या अहमदनगरमधल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या काँग्रिगेशनलच होत्या. त्यामुळे आमच्या आज्याच्या घरात रविवारी सुई-दोरा का काढला जात नसे, हे मला त्येनत्सिनच्या या कुटुंबाविषयी वाचताना अधिक उमगले. पण या रविवारात शरीराला विसावा असतोच असे नाही. पॅरिसमध्ये शर्यतींचे ते दिवस चालू असताना लिडेल रविवारी तिथल्या स्कॉट्स चर्चमध्ये उपदेश करत होते. त्याआधी वर्षभर, एप्रिल १९२३ पासून, ते शनिवारी शर्यत आणि रविवारी सुवार्तेच्या सभा अशा रीतीने स्कॉटलंडभर फिरत होते. रविवारी ते थांबले ते पैज आणि गौरव यांपासून, कामापासून नव्हे. त्यांच्या आठवड्यात रविवार बहुधा सर्वांत भरलेला दिवस असे.

यात दोष काढण्याचा हेतू नाही. निर्गम २०:१० मध्ये शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञा देताना तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आतला परका अशी यादी येते. बायबलच्याच अनुवाद या पुस्तकात, ५:१५ मध्ये, तिला कारणही जोडले आहे : तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. म्हणजे ज्याला स्वतःहून थांबता येत नाही त्याला थांबता यावे, यासाठी हा दिवस आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. कामगारांना रविवार हवा होता तो खंडोबाचा वार म्हणून आणि पाठ टेकायला मिळावी म्हणून, चर्चसाठी नव्हे, तरी अनुवादाच्या पाचव्या अध्यायाला ही मागणी परकी नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी मात्र या आज्ञेतली उपासनेची बाजू उचलून धरली आणि दासाच्या दुखऱ्या पाठीची बाजू हळूहळू विसरली. लिडेल याच विसरीत वाढले, आणि आम्हीही.

मिशनरी रजेचे स्वरूप

१९२५ मध्ये लिडेल चीनला परतले आणि त्येनत्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात विज्ञान शिकवू लागले. १९३२ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९३४ मध्ये कॅनडाच्या फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांच्याशी त्यांचे लग्न झाले, आणि १९३७ पासून ते युद्धाच्या धामधुमीत श्याओचांगच्या ग्रामीण भागात काम करू लागले. या सर्व काळात मिशनच्या पद्धतीप्रमाणे त्यांना दोनदा मायदेशीची दीर्घ रजा मिळाली. कागदावर ही रजा विश्रांतीसाठी होती. प्रत्यक्षात रजेवरच्या मिशनऱ्याने गावोगावच्या मंडळ्यांना भेटी देऊन कामाची माहिती सांगावी आणि पाठिंबा गोळा करावा अशी अपेक्षा असे, आणि ऑलिंपिक विजेत्याला तर आमंत्रणांचा सुमार नव्हता. त्यांच्याकडे पाहून लोक मदत देत, म्हणून त्यांना फिरवले जाई. त्यात कोणाची दुष्ट बुद्धी नव्हती, आणि म्हणूनच ते थांबवायचे कोणाला सुचले नाही.

१९४१ मध्ये परिस्थिती चिघळल्यावर लिडेल यांनी गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले आणि स्वतः मागे राहिले. तिसरी मुलगी त्यानंतर जन्मली. तिला त्यांनी कधी पाहिले नाही.

वेइशियेन

मार्च १९४३ मध्ये त्येनत्सिनच्या परदेशी रहिवाशांना शांतुंग प्रांतातल्या वेइशियेन येथे हलवण्यात आले. ही जागा मुळात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे आवार होती आणि तिच्या चिनी नावाचा अर्थ आनंदमार्गाचे आवार असा होता. दीड हजारांच्या आसपास माणसे त्या भिंतींच्या आत राहत होती. प्रत्येकाला काम वाटून दिलेले असे : पंपाने पाणी काढणे, स्वयंपाकघर, बेकरी, भट्ट्या, संडास साफ करणे. लिडेल यांच्या वाट्याला गणित आणि विज्ञान शिकवणे आले. उपकरणे नव्हती, म्हणून त्यांनी रसायनशास्त्राच्या आकृत्या हाताने काढून वही तयार केली. त्याखेरीज ते निवासी इमारतींवर देखरेख करत, क्रीडा समिती सांभाळत, शास्त्रपाठाचे वर्ग घेत, आणि म्हाताऱ्यांचे पाणी व कोळसा उचलून देत. हॉकीच्या काठ्या मोडल्या की चादरी फाडून त्यांच्या चिंध्यांनी ते त्या बांधून काढत. पहाटे, छावणी जागी होण्याआधी, शेंगदाण्याच्या तेलाच्या दिव्यापाशी बसून एका सोबत्याबरोबर ते बायबल वाचत व प्रार्थना करत.

हा पहाटेचा तास बहुतेक चरित्रांत मोठ्या आदराने येतो, आणि तो आदर योग्यच आहे. मला मात्र त्या तासानंतरच्या दिवसाचीच अधिक काळजी वाटते. त्यांच्याबरोबर छावणीत असलेल्या एका अमेरिकन तरुणाने पुढे लिहून ठेवले की संध्याकाळी हा माणूस मुलांबरोबर बुद्धिबळाच्या पटावर किंवा एखाद्या खेळण्यातल्या जहाजावर वाकलेला दिसे : रमलेला आणि थकलेला, दोन्ही एकाच वेळी. हे दोन शब्द शेजारी शेजारी पाहिले की त्या संध्याकाळीच कोणीतरी त्यांच्या हातातला पट काढून घ्यायला हवा होता असे वाटते. पण ज्याला काम आवडते, त्याचा थकवा इतरांच्या नजरेत येत नाही.

हॉकीचा सामना

या छावणीतच ती घटना घडली जिच्यासाठी हे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे. क्रीडा समितीतर्फे रविवारी खेळ घ्यायचे नाहीत असा लिडेल यांचा आग्रह होता आणि बहुतेकांनी तो मानला होता. पण तरुण मुलामुलींना तो दिवस जड जाई. भिंतीच्या आत, वाचायला फारसे नाही, बाहेर जायला वाट नाही. त्यातल्या कित्येक मुलांची शाळाच्या शाळा उचलून तिथे आणली होती, आणि त्यांचे आईवडील शेकडो मैल दूर होते. एका रविवारी त्यांनी आपापसांत हॉकीचा सामना ठरवला. पंच कोणी नव्हता. सामन्याची मारामारी झाली.

पुढच्या रविवारी मैदानावर पंच म्हणून लिडेल स्वतः उभे राहिले.

यावर त्यांनी काही स्पष्टीकरण लिहून ठेवलेले नाही, आणि काहींना त्यात तत्त्वाची तडजोड दिसली असणार. माझे मत वेगळे आहे. पॅरिसमध्ये नियम पाळण्याची किंमत त्यांनी स्वतः भरली होती, एका पदकाच्या रूपाने. वेइशियेनमध्ये तोच नियम पाळायचा तर किंमत मुलांना भरावी लागली असती, फुटलेल्या डोक्यांच्या रूपाने. नियमाचा भार आपल्यावर येतो तोवर तो घट्ट धरायचा आणि दुसऱ्यावर पडू लागला की सैल करायचा, ही गोष्ट मार्क २:२७ मध्ये प्रभू येशू सांगतो तीच आहे : शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे. शिष्यांनी शेतातली कणसे मोडली तेव्हाचे हे बोल आहेत, आणि तिथे प्रश्न भुकेचा होता. अर्थ लावताना आपण बरेचदा ही भूक विसरतो आणि मग या वचनाचा उपयोग रविवारी ऑफिसला जाण्याच्या सबबीसाठी करतो, ते वेगळे.

तरीही या घटनेत एक गोष्ट डोळ्यांआड होते. मुलांना त्या रविवारी खेळ मिळाला, म्हणजे विसावा मिळाला. लिडेल यांना आणखी एक काम मिळाले. उपदेश आणि शास्त्रपाठाच्या जोडीला आता पंचगिरीही. दुसऱ्यांच्या शब्बाथाची सोय लावणाऱ्याचा शब्बाथ कोणी लावायचा, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही.

दुखणे आणि दोष

१९४५ च्या सुरुवातीला लिडेल यांना तीव्र डोकेदुखी सुरू झाली आणि त्यांना छावणीच्या रुग्णालयात ठेवण्यात आले. अतिश्रमाने मन खचले आहे असा निष्कर्ष निघाला, आणि स्वतः लिडेल यांनीही तो स्वीकारला. मृत्यूनंतर शवविच्छेदनात मेंदूत गाठ आढळली. त्या काळी, त्या ठिकाणी, तिच्यावर उपाय नव्हता. म्हणून कामाने त्यांचा जीव घेतला असे म्हणणे बरोबर नाही. कुपोषण आणि श्रम यांनी शेवट लवकर आणला असेल, यापलीकडे जाता येत नाही.

परंतु निदान चुकले यातच या प्रकरणाचा खरा पुरावा आहे. त्यांच्याभोवतीच्या शहाण्या, प्रेमळ माणसांना आणि त्यांना स्वतःलाही अतिश्रम हे कारण लगेच पटले. ज्याचे आयुष्य तसे दिसत नाही, त्याच्या डोकेदुखीला कोणी पहिल्याच फटक्यात हे नाव देत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी त्या दिवसांत एका सहकाऱ्याजवळ बोलून दाखवली. आपण हा सगळा भार प्रभूवर टाकायला हवा होता आणि त्याखाली असे मोडायला नको होते, ही एकच गोष्ट आपल्याला सलते आहे, अशा अर्थाचे ते बोलणे होते. म्हणजे आजाराच्या जोडीला त्यांच्या उशाशी अपराधीपणाही बसला होता. थकवा हे त्यांना विश्वासाचे अपयश वाटत होते.

हा दोष दोन्ही अंगांनी खोटा होता. एक तर मेंदूत गाठ होती. आणि ती नसती, केवळ थकवाच असता, तरी शास्त्रात त्याला अविश्वास म्हटलेले नाही. १ राजे, अध्याय १९ मध्ये एलीया हा संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. तिथे देवदूत त्याला उपदेश करत नाही, विश्वास कमी पडल्याचा ठपका ठेवत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे पात्र उशाशी ठेवतो, उठवून खायला लावतो, पुन्हा झोपू देतो, आणि पुन्हा खायला लावतो. देवाशी बोलणे त्यानंतर आहे, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. मार्क ६:३१ मध्ये तर जेवायलाही सवड न मिळालेल्या शिष्यांना येशू एकांती येऊन विसावा घ्यायला सांगतो. लोकसमुदाय त्यांच्या आधी तिथे पोचतो आणि विसावा मोडतो, हे खरे. पण तोच येशू त्या दिवशी संध्याकाळी शिष्यांना होडीत बसवून, लोकांना निरोप देऊन, एकटा डोंगरावर जातो. लोकांची गरज तेव्हाही संपलेली नव्हती.

इथे थोडे आमच्या घरचे सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका पाळकांना रक्तदाब वाढून रुग्णालयात ठेवले होते. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेभोवती सात-आठ माणसे, नारळपाण्याच्या बाटल्या, आणि खिडकीत चार्जिंगला लावलेला, दर दोन मिनिटांनी उजळणारा त्यांचा फोन. आलेल्यांपैकी निम्म्यांनी निघताना त्यांनाच प्रार्थना करायला सांगितली, आणि त्यांनी हाताला सलाईन असताना ती केली. सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, “भाऊ, माझीच प्रार्थना कमी पडली असेल.” कागदावर त्यांना सोमवारची सुट्टी होती. सोमवारी अंत्यविधी निघतो, कोणाच्या घरी भांडण निघते, आणि सुट्टीचे नाव काढणे लाजेचे वाटते. आमच्या कमिटीने त्या आठवड्यात त्यांच्या बिलाची व्यवस्था केली, फळे पाठवली, उपासनेत नाव घेऊन प्रार्थना केली. सोमवारी त्यांचा फोन कोण घेणार, हा विषय बैठकीत निघाला नाही. मीही काढला नाही, आणि मी त्या बैठकीत होतो.

म्हणून लिडेल यांचा हा सल मला परका वाटत नाही. दोष एकट्या माणसाच्या विश्वासात शोधला की समितीला, मिशनला, मंडळीला स्वतःकडे पाहावे लागत नाही. शिकवणे, खेळ, इमारतींची देखरेख आणि शास्त्रपाठ ही सगळी कामे एकाच माणसाकडे आहेत, हे छावणीत दोन वर्षे सर्वांना दिसत होते. तो हसतमुखाने करत होता, आणि त्याच्यासारखे दुसऱ्या कोणाला जमत नव्हते.

बेकरी

छावणीतल्या डॉक्टरांनी जे सुचवले त्याकडे पुन्हा वळतो, कारण या सगळ्या वर्षांत लिडेल यांना नेमका विसावा देऊ पाहणारी तीच एक सूचना दिसते. त्यात पडून राहायला सांगितलेले नाही. शिकवणे सोडा, खेळ सोडा, आणि हाताने करायचे काम घ्या, एवढेच आहे. पीठ मळणाऱ्या माणसाकडे कोणी मारामारी सोडवायला येत नाही, कोणी सल्ला मागत नाही. पाव भट्टीतून निघाला की काम संपते, आणि संपले हे दिसते. माणसांचे काम असे कधी संपत नाही. पाळकाचे, शिक्षकाचे, परिचारिकेचे दुखणे बरेचसे यातच असते, आणि हे त्या डॉक्टरांना रविवारच्या कोणत्याही नियमापेक्षा नेमके कळले होते असे मला वाटते.

त्या महिन्यात रविवारी मुक्तिफौजेचा (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचा) बँड रुग्णालयाबाहेर वाजवत असे, आणि लिडेल यांनी चिठ्ठी पाठवून आपल्या आवडीची एक धून मागितली होती. बुधवारी त्यांनी ते पत्र लिहिले आणि टपालात दिले. बातमी टोरोंटोला मे महिन्यात पोचली. अमेरिकन सैनिकांनी १७ ऑगस्ट १९४५ रोजी छावणी मोकळी केली. बेकरीतली त्यांची पाळी सुरू झालीच नव्हती.